परराज्यातून नाशिकला येणाऱ्या कुटुंबाने राहण्याचा परिसर कसा निवडावा

नाशिकला बदली झाली की बडोद्याचे, इंदूरचे किंवा हैदराबादचे नातेवाईक फोन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की गंगापूर रोड चांगला की इंदिरानगर? या प्रश्नाचे थेट उत्तर देणे मी आता सोडून दिले आहे. मी त्यांना उलट विचारते, की तुमच्या घरात सर्वांत कमी हिंडूफिरू शकणारे माणूस कोण आहे? दुचाकी न चालवणाऱ्या सासूबाई, पहिलीत जाणारा मुलगा, गुडघे दुखणारे वडील किंवा तान्ह्या बाळाला घेऊन दिवसभर एकटी राहणारी सून, यांपैकी ज्याचा दिवस घरापासून फार लांब जाऊ शकत नाही त्याच्या पायांनी परिसर मोजावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कमावते माणूस गाडी काढून कुठेही पोहोचते. घरी राहणाऱ्यांना मात्र तुम्ही निवडलेली गल्ली हेच सगळे शहर असते.

हे शहाणपण आम्हाला अनुभवाने आले. बडोद्याहून आलो तेव्हा आम्ही आडगाव नाक्याच्या पुढे, महामार्गाजवळ नव्याने उभ्या राहिलेल्या एका इमारतीत घर घेतले, कारण तीन खोल्या होत्या, गॅलरी मोठी होती आणि भाडे आवाक्यात होते. यजमानांची कंपनी अंबडला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मुलीची शाळा कॉलेज रोडच्या बाजूला. तिसरीतली मुलगी पहाटे अंधारात व्हॅनमध्ये बसायची आणि दुपारी परत येईपर्यंत इतकी दमलेली असायची की ताटावरच पेंगायची. मार्च संपत आला तसे बोअरचे पाणी आटले आणि टँकरच्या वेळा सांभाळण्यात दिवस जाऊ लागले. सर्वांत वाईट म्हणजे सासूबाईंना देवळात जायचे किंवा औषध आणायचे तर महामार्ग ओलांडावा लागे, त्यामुळे चार महिने त्या आमच्यासोबत असल्याशिवाय घराबाहेर पडल्या नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपताच आम्ही इंदिरानगरला आलो. नव्या घराची एक खोली कमी होती. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई एकट्या कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे माणसं दिसतात." परिसर निवडताना हे वाक्य मी कधी विसरत नाही.

घर पाहण्याआधी कागदावर करायचे काम

घरांच्या जाहिराती उघडण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचा कामाच्या दिवसाचा क्रम कागदावर लिहून काढावा. कोण किती वाजता निघणार, कशाने जाणार, किती वाजता परतणार, मध्ये कोणाला कोणाला आणायला-सोडायला जावे लागणार, आजी-आजोबा सकाळ-संध्याकाळ कुठे फिरणार, भाजी आणि दूध कोण आणणार, हे सारे त्यात यावे. नोकरीची जागा ठरलेली असते आणि शाळा बऱ्याच अंशी ठरवता येते; म्हणून आधी नोकरी, मग शाळा आणि शेवटी त्या दोहोंच्या मध्ये घर, असा क्रम ठेवावा. आमच्यासारखे आधी घर आणि मग शाळा असे केले, तर मुलांचे बालपण व्हॅनमध्ये जाते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांमध्ये मोजावे, आणि तेही कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळांत. नाशिक मुंबईच्या मानाने लहान शहर आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांना नकाशावर सगळेच जवळ दिसते. प्रत्यक्षात द्वारका, मुंबई नाका आणि इंदिरानगरचा महामार्गाखालचा बोगदा या तीन ठिकाणी संध्याकाळी जो वेळ जातो तो नकाशात कळत नाही. रोजच्या प्रवासात यांपैकी एखादे ठिकाण येत असेल, तर तो प्रवास एकदा स्वतः त्या वेळी करून पाहावा. लहान मुलाच्या शाळेसाठी एका बाजूने वीस मिनिटे आणि वृद्धांच्या डॉक्टरांसाठी दहा मिनिटे, ही आमच्या घरची मर्यादा आहे. प्रत्येक कुटुंबाने आपापली ठरवावी, पण ती घर पाहण्यापूर्वी ठरवावी, कारण एखादे घर मनात भरले की मर्यादा आपोआप सैल होते.

नाशिकचे भाग आणि त्यांचे स्वभाव

महानगरपालिकेच्या कारभारासाठी शहराचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. पाणी, कचरा, घरपट्टी यांच्या तक्रारी याच विभागीय कार्यालयांत जातात, त्यामुळे आपला पत्ता कोणत्या विभागात पडतो हे माहीत असावे. मात्र राहणीमानाच्या दृष्टीने लोक वेगळीच नावे घेतात, आणि त्यांचे स्वभाव समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि महात्मानगर हा पट्टा जुन्या शिक्षणसंस्था, दवाखाने, क्लासेस, कुसुमाग्रज स्मारक, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक अशा सोयींमुळे कुटुंबांच्या पसंतीचा आहे आणि म्हणूनच महाग आहे. दहावी-बारावीची मुले असतील तर क्लासेस पायी अंतरावर मिळणे ही मोठी सोय ठरते. पण त्याच क्लासेसमुळे संध्याकाळी कॉलेज रोडवर दुचाक्यांची इतकी गर्दी होते, की लहान मुलाला सायकल देताना विचार करावा लागतो. गंगापूर रोडवर आनंदवल्ली आणि सोमेश्वरच्या पुढे गेले की शांतता वाढते, तशी बसची आणि रिक्षाची सोय कमी होत जाते.

इंदिरानगर, राणेनगर, गोविंदनगर आणि पाथर्डी फाटा हे भाग अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना जवळचे आहेत. येथे नोकरदार कुटुंबांची वस्ती दाट आहे, त्यामुळे मुलांना खेळायला सोबती आणि नव्याने आलेल्या सुनेला बोलायला शेजारीण मिळायला वेळ लागत नाही. महामार्ग मधून जात असल्याने घर महामार्गाच्या कोणत्या बाजूला आणि शाळा कोणत्या बाजूला आहे हे मात्र आवर्जून पाहावे, कारण रोज दोन वेळा बोगद्यातून जावे लागले तर जवळची शाळाही लांबची होते. पाथर्डी गावाच्या पुढे घर पाहत असाल, तर महापालिकेचा कचऱ्याचा खत प्रकल्प त्या बाजूला आहे हे लक्षात ठेवून वारा असताना एकदा तिथे उभे राहून यावे.

नवीन नाशिकला सगळे सिडकोच म्हणतात. सिडको या राज्य सरकारच्या शहर विकास महामंडळाने येथे सहा योजनांमध्ये घरे उभारली, आणि आजही लोक पत्ता सांगताना कितवी स्कीम ते सांगतात. घरे लहान आणि गल्ल्या अरुंद आहेत, चारचाकी लावायला जागा मिळणे कठीण आहे. पण त्रिमूर्ती चौक किंवा पवननगरच्या बाजारात पाच मिनिटांत सगळे मिळते आणि रात्री अकरालाही गल्ली जागी असते. मर्यादित उत्पन्नात दोन मुले आणि आई-वडील सांभाळणाऱ्या कुटुंबाला सिडको जेवढे उपयोगी पडते तेवढे क्वचितच दुसरे काही पडते, हे मी माझ्या मैत्रिणींच्या घरांकडे पाहून सांगते. सातपूर, अशोकनगर, श्रमिकनगर या कामगार वस्त्यांचेही साधारण तसेच आहे. तिथे कंपनी जवळ असणे हा मुख्य लाभ, आणि कारखान्यांच्या अगदी लगतचे घर टाळणे ही मुख्य खबरदारी.

पंचवटीत रामकुंड, काळाराम मंदिर आणि तपोवन यांच्या आसपास वर्षभर यात्रेकरूंची वर्दळ असते, तर हिरावाडी, म्हसरूळ, मखमलाबाद, दिंडोरी रोड या बाजूला शहर झपाट्याने वाढत आहे. वाढत्या भागात घर मोठे आणि भाडे कमी मिळते, परंतु रस्ता, पथदिवे, गटार आणि बस यांपैकी काय आले आहे आणि काय यायचे आहे, हे एकेक करून पाहावे. "वर्षभरात होईल" या शब्दावर घर घेऊ नये. नाशिकरोड हे जवळजवळ स्वतंत्र गावच आहे. रेल्वेस्थानक मध्यवर्ती बसस्थानकापासून साधारण नऊ-दहा किलोमीटरवर आहे. त्यामुळे ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठायची आहे त्यांनी जेल रोड, उपनगर किंवा बिटको चौकाच्या आसपास पाहावे. देवळाली कॅम्प लष्करी छावणी मंडळाच्या अखत्यारीत असल्याने तिथले कर आणि पाणी यांची व्यवस्था महापालिकेपेक्षा वेगळी आहे. हवा कोरडी, झाडी भरपूर आणि रस्ते शांत असल्याने वृद्धांना तो भाग मानवतो, मात्र तोफखान्याच्या सरावाचे आवाज अधूनमधून कानावर येतात याची बाळ असलेल्या घराने आधी कल्पना घ्यावी. शहराच्या कडेला, जिथे ऊस, द्राक्षबागा आणि नदीकाठची झाडी जवळ आहे, तिथे बिबट्या दिसल्याच्या बातम्या नाशिकला नव्या नाहीत. अशा ठिकाणी मुलांना तिन्हीसांजेनंतर एकटे बाहेर सोडू नये, एवढे पथ्य तिथले रहिवासी पाळतात.

शाळा आणि भाषा

राज्य बदलताना सर्वांत मोठी उलथापालथ मुलांच्या शाळेत होते, म्हणून या बाबीला घाई करू नये. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, तर केंद्रीय मंडळाच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे बदलीचा महिना हातात असेल तर एप्रिल-मे हा काळ निवडावा. पहिलीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सहा वर्षे पूर्ण होणे हा निकष आहे, तर गुजरातमध्ये तो १ जूनचा आहे. प्रत्येक राज्याची तारीख वेगळी असल्याने, बालवाडीतले किंवा पहिलीतले मूल आणत असाल तर नव्या शाळेशी वयाबद्दल आधी बोलून घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघावे. येथे आल्यावर ती मागितली गेली, तर एका सहीसाठी पुन्हा रजा काढून प्रवास करावा लागतो.

भाषेचा प्रश्न मराठी घरांनाही चुकत नाही. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, आणि घरी अस्खलित मराठी बोलणारे मूल ती लिहू शकेलच असे नाही. माझी मुलगी गुजराती लिपीत शिकलेली असल्याने येथे आल्यावर तिने मराठीची पहिली वही भरली ती शिरोरेघ न देता. प्रत्येक शब्द उघडाबोडका दिसत होता. बाईंनी लाल शाईने चुका काढण्याऐवजी प्रत्येक ओळीवर पेन्सिलने एक लांब रेघ ओढून दिली आणि सांगितले, की अक्षरे या दोरीवर वाळत घाल. तीन आठवड्यांत तिचा हात बसला. नवीन शाळा पाहताना मी इमारत आणि वातानुकूलित वर्ग पाहण्यापेक्षा असा प्रश्न विचारायला सुचवीन, की बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाला मराठीसाठी तुम्ही काय मदत करता? ज्या शाळेत या प्रश्नावर मुख्याध्यापिका लगेच एखादे ठोस उदाहरण सांगतात, ती शाळा घराजवळ नसली तरी घर तिच्याजवळ न्यावे.

आठवी-नववीतल्या मुलाचे राज्य बदलण्यापूर्वी पुढच्या प्रवेशांचा विचार करावा. वैद्यकीय व अभियांत्रिकी अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यातील जागांसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे आणि अधिवास (डोमिसाइल) प्रमाणपत्र असणे यांना मोठे महत्त्व असते, आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्यामुळे मूल नववीत असताना आणणे आणि अकरावीत आणणे यांत केवळ दोन वर्षांचे अंतर राहत नाही, त्याच्या पुढच्या वाटाच बदलू शकतात. त्याचप्रमाणे दुसऱ्या राज्याच्या जातीच्या दाखल्यावर येथे राज्याच्या आरक्षणाचा लाभ सामान्यतः मिळत नाही, हेही आधी तपासून घ्यावे. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांना केंद्रीय विद्यालयाचा पर्याय असतो. नाशिकरोडला नेहरूनगरमध्ये आणि देवळालीत अशी विद्यालये आहेत, आणि बदलीच्या नोकरीत तो पर्याय मुलांच्या दृष्टीने सर्वांत कमी ओढाताणीचा असतो.

पाणी आणि पूर

नाशिकला पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येते, आणि त्याला मुकणे व दारणा या धरणांचा आधार आहे. एवढी धरणे जवळ असल्याने बाहेरच्यांना वाटते की येथे पाण्याचा प्रश्न नसावा. जुन्या, वसलेल्या भागांत तो फारसा नसतोही, परंतु शहराच्या कडेच्या इमारतींमध्ये महापालिकेचे कनेक्शन अपुरे असते किंवा यायचे असते, आणि सारी भिस्त बोअरवर आणि टँकरवर असते. घर दाखवणारे "चोवीस तास पाणी" असे म्हणतात तेव्हा ते टाकीतल्या पाण्याबद्दल बोलत असतात. आपण विचारायचे ते असे, की महापालिकेचे पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, आणि मागच्या मे महिन्यात किती टँकर मागवले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोसायटीच्या जमाखर्चात असते. सचिवांना विनंती करून ते पान पाहावे. बोअरचे पाणी कसे आहे हे पाहण्यासाठी एका स्टीलच्या पातेल्यात ते आटेपर्यंत उकळावे. तळाशी पांढरा खरखरीत थर जमला, तर गिझर, नळ, केस आणि भांडी यांना तेच पाणी रोज लागणार आहे हे समजावे.

पुराचा विचार उन्हाळ्यात घर पाहताना कोणाच्या मनात येत नाही, आणि म्हणूनच तो मुद्दाम करावा. गोदावरीला नाशिककर गंगा म्हणतात, आणि गंगेला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून पुराची पातळी सांगतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर येथे सर्वांना आठवतात. सराफ बाजार, भांडी बाजार आणि नदीकाठच्या वस्त्यांत तेव्हा पाणी शिरले होते. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामास मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. घर कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येते. केवळ गोदावरी पाहून थांबू नये. नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, ती सातपूरकडून येऊन तिडके कॉलनी, मुंबई नाका या भागांजवळून वाहते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात ती नाल्यासारखी दिसते, जोराच्या पावसात ती नदी असल्याचे आठवते. वाघाडी आणि वालदेवी यांच्या काठालाही हेच लागू आहे. जुन्या नाशिकमधील वाड्यात भाड्याने राहण्याचा विचार असेल तर वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंती कोसळण्याचे प्रकार जवळजवळ दरवर्षी घडतात.

परिसर पाहायला कधी जावे आणि कोणाला विचारावे

रविवारी दुपारी कोणताही परिसर चांगला दिसतो. त्यामुळे एकदा कामाच्या दिवशी सकाळी सातला, एकदा संध्याकाळी साडेसहाला आणि एकदा रात्री दहाला, अशा तीन फेऱ्या कराव्यात, आणि शक्य असेल तर त्यांपैकी एक पावसात करावी. सकाळी शाळेच्या व्हॅन कुठे थांबतात आणि कचऱ्याची घंटागाडी आत गल्लीपर्यंत येते का, हे दिसते. संध्याकाळी मुले कुठे खेळतात आणि आज्या कुठे बसतात, हे दिसते. रात्री किती पथदिवे बंद आहेत, कुत्र्यांचे टोळके कोणत्या कोपऱ्यावर असते, आणि एकटी मुलगी दुचाकीवरून शांतपणे घरी परतते आहे की घाईने, हे दिसते. या तिसऱ्या फेरीला घरातील बाईमाणसाने सोबत जावे, कारण गल्ली सुरक्षित आहे की नाही हे बाईला पुरुषाआधी कळते.

विचारायचे कोणाला, याला माझे उत्तर ठरलेले आहे: इस्त्रीवाला, मेडिकलवाला आणि रिक्षा स्टँड. दुसऱ्यांदा घर शोधत असताना एका गल्लीत मला एक घर फार आवडले होते. खाली इस्त्रीवाल्याची टपरी होती. मी सहज विचारले, की भाऊ, पावसाळ्यात इथे कसे असते? त्यांनी कोळशाची इस्त्री उभी करून ठेवली, टपरीच्या लाकडी पायावर बोट टेकवले आणि म्हणाले, "ताई, जुलैमध्ये पाणी इथपर्यंत येतं." बोटाखाली लाकूड काळपट होऊन फुगलेले होते. जमिनीपासून वीतभर उंचीवर ती रेघ स्पष्ट दिसत होती. घरमालकांनी ती कधीच सांगितली नसती, आणि ते घर आम्ही घेतले नाही. मेडिकलवाल्याला रात्री दुकान किती वाजता बंद होते आणि जवळ बालरोगतज्ज्ञ कोण बसतात हे विचारावे, आणि रिक्षावाल्याला रात्रीच्या गाडीने आले तर इथवर कोणी येते का हे विचारावे. सिटीलिंकची बससेवा २०२१ च्या जुलैपासून सुरू आहे; आपल्या थांब्यावर बस किती वेळाने येते हे थांब्यावर अर्धा तास उभे राहून पाहावे, वेळापत्रकावर विसंबू नये.

वृद्ध किंवा आजारी माणूस घरात असेल तर रुग्णालयाचा रस्ताही एकदा करून पाहावा. त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे, नाशिकरोडला महापालिकेचे बिटको रुग्णालय आहे, आणि खासगी रुग्णालये मुंबई नाका, कॉलेज रोड, गंगापूर रोड या भागांत दाट आहेत. इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

भाड्याने राहून मग ठरवावे

परराज्यातून येणाऱ्याने पहिल्याच वर्षी घर विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय परिसर कळत नाही, आणि अकरा महिन्यांच्या करारात दोन्ही निघून जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम भागवू असे कोणी म्हटले तर ऐकू नये, कारण शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेशांसाठी पत्ता दाखवताना नोंदणीकृत करारच लागतो, आणि आधारचा पत्ता व गॅसचे कनेक्शन बदलतानाही तोच सर्वांत उपयोगी पडतो. करारात मेंटेनन्स कोण भरणार, टँकरचा खर्च कोणाकडे, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, हे चार मुद्दे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावेत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे याची पोच मागून घ्यावी. पुढे विकत घेण्याची वेळ आली की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये, आणि बांधकाम चालू असेल तर महारेरा या गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद स्वतः वाचावी.

या दोन वर्षांत येणाऱ्यांनी सिंहस्थ कुंभमेळ्याचा विचारही करायला हवा. मागचा मेळा २०१५ मध्ये झाला आणि आताच्या मेळ्याची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. पंचवटी, तपोवन आणि त्र्यंबक रोडच्या आसपास घर पाहताना त्या काळात रस्ते बंद असणार आणि शाळेच्या, कंपनीच्या वाटा बदलणार हे गृहीत धरावे. मेळा पाहण्याची ओढ असणाऱ्या आजी-आजोबांना मात्र तोच परिसर स्वर्गासारखा वाटेल, आणि ते कारणही माझ्या मते कमी महत्त्वाचे नाही.

येण्याच्या तयारीत गाडीचे कागद मागे पडतात. जुन्या राज्यातील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र तिथून निघण्यापूर्वी घ्यावे, कारण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी वापरायची तर तिची तिथे नव्याने नोंद करावी लागते. नाशिकचे कार्यालय पेठ रोडला आहे आणि नवा क्रमांक एमएच १५ ने सुरू होतो. घराची किल्ली घेताना वीजमीटरच्या आकड्यांचा फोटो काढावा आणि मागची बिले भरल्याची खात्री करावी. सामान लागले की पाणी येण्याची वेळ, घंटागाडीची वेळ, जवळच्या डॉक्टरांचा, मेडिकलचा आणि एका ओळखीच्या रिक्षावाल्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून, घरातील ज्येष्ठांना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा उंचीवर तो कागद फोनजवळ लावावा.